तांब्याबरोबर हमी जाऊ नये

हमद टाउन हे बहरीन सरकारने १९८०च्या दशकात वसवलेलं घरकुलांचं शहर. अशा शहरात तांब्याच्या तारेवरचा फोन जाऊन फायबर येतो, तेव्हा वेग वाढतो हे सगळ्यांना दिसतं. काय कमी होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. जुन्या फोनला घरातली वीज लागत नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची सुमारे ४८ व्होल्टची वीज त्याच तारेतून येई, म्हणून लाइट गेली तरी रिसीव्हर उचलताच डायल टोन मिळे. फायबरमधून प्रकाश येतो, वीज नाही. फायबर जिथे येऊन संपतो तो भिंतीवरचा डबा, म्हणजे ओएनटी, घरच्या प्लगवर चालतो. लाइट गेली की त्यावरचे हिरवे दिवे विझतात आणि फोनही बंद पडतो. ही सुरक्षितता ग्राहकाला न मागता मिळत होती. ती काढून घेणाऱ्यानेच तिची भरपाई करावी, हा न्याय आहे.

हे काम ग्राहकाच्या मर्जीवर सोडून भागत नाही. अमेरिकेच्या नियामकाने २०१५ मध्ये आठ तासांच्या बॅकअपचा पर्याय देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, पण खर्च ग्राहकाच्या माथी राहिला. ब्रिटनमध्ये लँडलाइनवरच अवलंबून असलेल्यांना किमान तासभराची सोय मोफत देण्याची अपेक्षा २०१८ मध्ये ठरली. तरीही वृद्धांची आपत्कालीन बटणं बंद पडल्याच्या घटनांनंतर डिसेंबर २०२३ मध्ये नव्या लाइनवर सक्तीने नेणं थांबवावं लागलं आणि जुनी सेवा बंद करण्याची २०२५ अखेरची मुदत जानेवारी २०२७ वर गेली. नियम असूनही आधी घरोघरी चौकशी झाली नाही, की असं होतं.

मोबाइल असताना ही काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. पण वीज बराच वेळ गेली तर टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, आणि लिफ्टचा अलार्म किंवा आजाऱ्याचं बटण लँडलाइनलाच जोडलेलं असू शकतं. तांबं तरी कुठे भरवशाचं होतं, हा आक्षेप खरा आहे. मुंबईच्या पावसात मुकी झालेली लाइन अनेकांना आठवत असेल. म्हणून मागणी तांबं राखण्याची नाही, हमी राखण्याची आहे. राहिला खर्चाचा प्रश्न. बॅटरी प्रत्येक घराला नको, गरजूंना हवी. शिवाय बहरीनमध्ये २०१९ मध्ये बटेल्कोपासून वेगळी झालेली बीनेट ही घाऊक कंपनी फायबरचं जाळं सांभाळते आणि बाकीच्या कंपन्या त्यावरून सेवा विकतात. त्यामुळे दूरसंचार नियामकाला जबाबदारी एकाच ठिकाणी ठरवता येते आणि खर्च सगळ्यांत वाटला जातो.

भाड्याच्या घरात जोडणी अनेकदा घरमालकाच्या किंवा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या नावावर असते. तिथे या बदलाची सूचना नावावर नव्हे, दारावर पोचली पाहिजे. राहणाऱ्याला कळणाऱ्या भाषेत, तार तोडण्याच्या पुरेसं आधी.