घसरणारा क्लच

हैदराबादेत बंजारा हिल्सच्या चढावर मोटारसायकलचे एंजिन गर्जते, पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत आहे असे समजावे. क्लचप्लेटांची पकड सुटल्याने एंजिनाची शक्ती चाकास न मिळता उष्णतेत वाया जाते, आणि भर रहदारीत गाडी अडते.

तथापि प्लेटा बदलण्याची घाई नको. प्रथम लिव्हर पाहावा. त्यास २-३ मिलिमीटर मोकळीक नसेल, तर ताणलेली वायर प्लेटांना पुरते मिटू देत नाही. ती ढिली करावी. मग तेल पाहावे. तेलात चालणाऱ्या क्लचला मोटारीचे निसरडे तेल बहुधा मानवत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण असावी. एवढ्यानेही भागले नाही, तरच झिजलेल्या प्लेटा व दबलेल्या स्प्रिंगा बदलाव्यात. वायरच्या दोषाची शिक्षा प्लेटांना कशाला?