पापणीचे त्वचारोपण आणि रक्तातला डिंक

मानवी शरीरावरील सर्वांत पातळ त्वचा पापणीची. तिची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. भाजल्याने, अपघाताने किंवा कर्करोगाची गाठ काढताना ती नष्ट झाली, तर मागे राहिलेला व्रण आकसतो, पापणी बाहेरच्या बाजूस उलटते आणि डोळा पुरता मिटेनासा होतो. उघडे राहिलेले बुबुळ कोरडे पडते, त्यावर क्षत होते आणि अखेर दृष्टीही जाऊ शकते. म्हणूनच पापणीचे त्वचारोपण हा केवळ रूपाचा प्रश्न नसून दृष्टिरक्षणाचा प्रश्न आहे.

रोपणासाठी त्वचा बहुधा कानामागून किंवा दुसऱ्या डोळ्याच्या वरच्या पापणीवरून घेतात. काढलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पहिले एक-दोन दिवस तो खालच्या जखमेतील लस शोषून तग धरतो; पुढे दोन्हीकडच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या जुळतात आणि चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास त्यात रक्त खेळू लागते. भाताच्या लावणीत मुळे धरण्यापूर्वी रोप हलले तर ते सुकते. तसाच हा तुकडाही सरकला, किंवा त्याच्याखाली रक्त साचले, तर मरतो.

यासाठी शस्त्रवैद्य कडेने टाके घालून त्यांच्याच दोऱ्यांनी वर कापसाची गादी आवळून बांधतात. परंतु डोळ्यावर फार दाब देता येत नाही, दोऱ्याचे टोक बुबुळाला घासण्याची भीती असते, आणि लहान मुलांचे टाके काढणे तर मोठेच संकट.

येथे फायब्रिनचा डिंक उपयोगी पडतो. रक्तातील फायब्रिनोजेन आणि थ्राँबिन ही द्रव्ये एकत्र येताच फायब्रिनचे जाळे तयार होते. जखमेवर रक्त गोठते तेही याच क्रियेने. १९४४ मध्ये अमेरिकेत या द्रव्यांनी त्वचेचे तुकडे चिकटविण्याचे प्रयोग झाले. पण फायब्रिनोजेन तेव्हा पुरेसे दाट मिळत नसल्याने पकड दुबळी राहिली. १९७० नंतरच्या दशकात ही उणीव दूर झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भाजलेल्या रुग्णांवरील एका तुलनेत, धातूच्या पिनांपेक्षा डिंकाने बसविलेल्या त्वचेखाली पहिल्या दिवशी रक्त व लस कमी साठल्याचे आढळले. जखम भरण्यात मात्र दोहोंत फारसे अंतर नव्हते.

पापणीवरील अनुभव मोजक्या रुग्णांचे असले, तरी तेही आशादायक आहेत. टाके कमी लागतात आणि तुकडा सर्वत्र सारखा टेकतो. तथापि डिंकाचा थर अगदी पातळ हवा. जाड थर पोषणाच्या आड येतो. पुढील काही महिन्यांत त्वचा आकसण्याचा धोका डिंकाने टळत नाही; म्हणून पापणी काही दिवस ताणून ठेवावीच लागते. शिवाय डिंक महाग आहे आणि तो बहुधा रक्तदात्यांच्या रक्तापासून बनत असल्याने त्याची कसून तपासणी व शुद्धीकरण आवश्यक असते.

डिंक त्वचेला जीव देत नाही. शरीराला तो देण्यास लागणारे चार-पाच दिवस तो तिला जागेवर धरून ठेवतो. पापणीच्या बाबतीत या अवधीवर डोळ्याचे भवितव्य अवलंबून असते.