विजय अय्यर यांचा पियानो : एकट्याचा आणि तिघांचा

कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो पगार, महागाई नाहीतर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. यंदा आम्ही पियानोवर बोलावयाचे ठरविले, तेव्हा आमचे सहकारीच आमच्या तोंडाकडे पाहू लागले. म्हणून या विषयाकडे आम्ही कोणत्या वाटेने आलो, ते आधी सांगितले पाहिजे.

ती वाट फ्लिंटवरून जाते. अमेरिकेतील मिशिगन राज्यातले हे मोटारी बनविणाऱ्यांचे गाव. ३० डिसेंबर १९३६ रोजी तेथील जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले. ऐन हिवाळ्यात ४४ दिवस लढा चालला, आणि ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीला त्यांच्या युनियनला मान्यता द्यावी लागली. आमच्या अभ्यासवर्गांत हा लढा आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पुढे २०१४ साली, खर्च वाचावा म्हणून, या गावाचा पाणीपुरवठा फ्लिंट नदीवरून सुरू झाला. नळ गंजू नयेत म्हणून करावयाची प्रक्रिया झाली नाही, आणि जुन्या नळांतले शिसे पिण्याच्या पाण्यात उतरले. ज्या गावच्या कामगारांनी मालकाला नमविले, त्याच गावच्या मुलांच्या पेल्यात विष आले.

एके दिवशी एका तरुण सहकाऱ्याने आम्हांस विचारले, "दादा, फ्लिंटवर बाजा वाजविलाय कुणी, ऐकणार का?" ती 'अनईझी' ही २०२१ साली निघालेली ध्वनिमुद्रिका होती, आणि तिच्यातील पहिल्या रचनेचे नाव होते 'चिल्ड्रेन ऑफ फ्लिंट', म्हणजे फ्लिंटची मुले. पियानोवादक विजय अय्यर.

अय्यर यांचा जन्म १९७१ साली न्यूयॉर्क राज्यात, तामीळ आईबापांच्या पोटी झाला. लहानपणापासून ते रीतसर शिकले ते व्हायोलिन. पियानो मात्र बहुतांशी कानाने, स्वतःच शिकले. पदवी गणित आणि पदार्थविज्ञान यांत घेतली. २०१४ पासून ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक आहेत. आमचे शिक्षण कारखान्यात लेथपुढे आणि नंतर वाचनालयात झाले. तेव्हा स्वतः शिकलेल्या या हातांविषयी आम्हांस थोडा पक्षपात आहे, हे कबूल करतो.

आता जॅझविषयी. हे संगीत मुंबईला परके नाही. १९३० नंतरच्या दशकात टेडी वेदरफोर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक येथे ताजमहाल हॉटेलात वाजवीत असे. गोव्याच्या वादकांनी ही कला आत्मसात केली आणि चित्रपटांत आणली. १९५१ च्या 'अलबेला'तील सी. रामचंद्रांची गाणी ज्यांनी ऐकली, त्यांनी नकळत जॅझची चव घेतलेली आहे. या संगीताची रचनाही आपल्याला समजण्यासारखी आहे. आधी एक चाल वाजते. तिच्याखाली स्वरसमूहांचे ठराविक आवर्तन असते. चाल संपली तरी ते आवर्तन फिरत राहते, आणि त्यावर वादक तेथल्या तेथे नवे रचीत जातो. शेवटी पुन्हा मूळ चाल येते. आपला गवई मुखडा सोडून आलापतानांत शिरतो आणि समेवर परत येतो, त्याचीच ही चुलतबहीण म्हणा.

एकट्याचे वादन आणि तिघांचे वादन यांतला भेद ऐकावयाचा असेल, तर एक सोपा उपाय आहे. मायकेल जॅक्सनने १९८२ साली गायिलेले 'ह्यूमन नेचर' हे गाणे अय्यर यांनी दोनदा मुद्रित केले आहे : २०१० च्या 'सोलो' या ध्वनिमुद्रिकेत एकट्याने, आणि २०१२ च्या 'ॲक्सेलरांडो'मध्ये स्टीफन क्रम्प यांचा डबल बास आणि मार्कस गिलमोर यांचे ड्रम यांसह. गाणे तेच आणि हातही तेच.

एकट्याने वाजविताना डाव्या हाताला खालचा सूर आणि लय सांभाळावी लागते, उजव्याला चाल. सगळा भार दोन हातांवर. भजनात वीणा, टाळ आणि पखवाज एकाच माणसाने उचलावा, तसे ते आहे. त्यात मोठी हुकमत दिसते. पण वादक थांबला की सारेच थांबते.

तिघांत खालचा सूर बासकडे जातो, लय ड्रमकडे. मग पियानोवाल्याचे काम हलके झाले का? आमच्या मते कठीण झाले. आता त्याला दुसऱ्यांचे ऐकावे लागते. ड्रमवाल्याने एखादा ठोका अलीकडे घेतला, तर त्याला उत्तर द्यावे लागते. आणि सर्वांत अवघड म्हणजे, त्याला गप्प राहता यावे लागते. त्याने हात उचलला तरी संगीत चालू राहते.

हे ऐकून आम्ही ओशाळलो, त्याचे कारण सांगतो. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात आम्ही पंचवीस वर्षे संघटना बांधली. प्रत्येक अर्ज, प्रत्येक वाटाघाट, प्रत्येक गेट मीटिंग आमच्याच तोंडून व्हावयाची, आणि याचा आम्हांस अभिमान होता. एकदा दोन महिने आजारी पडलो, तेव्हा गेट मीटिंगा बंद पडल्या, मुदतीचे अर्ज राहून गेले, आणि तीन माणसांची नोकरी गेली. दोष त्यांचा नव्हता. आम्ही एकट्याने वाजवीत होतो.

'अनईझी'मध्ये बासवर लिंडा मे हान ओ आहेत आणि ड्रमवर टायशॉन सोरी. मुखपृष्ठावर तिघांचीही नावे आहेत. आमच्याकडील चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर साथीच्या वादकांची नावे बहुधा नसत, हे आठवले म्हणजे या साध्या गोष्टीची किंमत कळते.

कोणी विचारील, नाव माहीत नसते तर या शब्दहीन रचनेत तुम्हांला फ्लिंट ऐकू आले असते काय? नसते. या संगीताने तेथला एकही नळ बदललेला नाही. नाव आम्हांस दारापर्यंत घेऊन गेले, एवढेच. आत मात्र तिघे एकमेकांचे ऐकत होते, आणि ते ऐकण्यासाठी नावाची गरज पडली नाही. लेथवरच्या माणसाला यंत्राच्या बदललेल्या आवाजावरून बिघाड आधीच कळतो. तोच कान येथे उपयोगी पडतो.

म्हणून श्रोत्यांस विनंती एवढीच, की ही रचना तीन वेळा ऐकावी : एकदा केवळ पियानोसाठी, एकदा बाससाठी, एकदा ड्रमसाठी. चौथ्या वेळी तिन्ही आपोआप एकत्र ऐकू येतील. आम्ही ती आता दर अभ्यासवर्गाच्या आरंभी लावतो, आणि वर्ग चालविण्याचे काम दुसऱ्यास देऊन मागच्या बाकावर बसतो.