ओल्या कचऱ्यापासून घरगुती वीज

उष्टे-खरकटे, भाजीचे देठ, शिळा भात अशा ओल्या कचऱ्यात शक्ती साठविलेली असते. तो उकिरड्यावर कुजला म्हणजे ती वाया जाते. हवाबंद टाकीत कुजविला असता सूक्ष्म जंतू त्यापासून ज्वलनशील वायू तयार करतात. या वायूत सुमारे ६० टक्के मिथेन असतो. त्यावर शेगडी पेटते, तसेच इंजिन चालवून वीजही मिळविता येते. शेणाऐवजी घरगुती कचऱ्यावर चालणारे आटोपशीर संयंत्र डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने तयार केले. त्याबद्दल तिला २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

एका घराचा हिशेब

पिंपरीतील संत तुकाराम नगरसारख्या वसाहतीत एका कुटुंबाचा रोजचा ओला कचरा एक किलो धरावा. त्यापासून सुमारे एक दशांश घनमीटर वायू मिळतो. शेगडीवर तो पंधरा-वीस मिनिटे जळतो. लहान इंजिनात एक घनमीटर वायूपासून सव्वा ते दीड युनिट वीज होते. म्हणजे एका घराच्या वाट्यास १० वॅटचा एकच दिवा बारा ते पंधरा तास जळेल एवढी. तेवढ्यासाठी स्वतंत्र जनित्र घेणे परवडणारे नाही. एकट्या कुटुंबाने वायू स्वयंपाकासच वापरावा, हे हितावह होय.

सहकाराचा लाभ

शंभर बिऱ्हाडांनी कचरा एकत्र केल्यास मात्र रोज १२ ते १५ युनिट वीज मिळू शकते. जिने व आवार यांतील १० वॅटचे शंभर दिवे त्यावर रात्रभर चालतील.

सुक्या कचऱ्याची वाट निराळी आहे. महानगरपालिकेच्या मोशी येथील १४ मेगावॅटच्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. तेथे कचरा जाळून वीज केली जाते. ओला कचरा भट्टीत गेल्यास बरीच उष्णता त्यातील पाणी आटविण्यातच खर्ची पडते. म्हणून दोन्ही कचरे घरीच वेगळे करणे अगत्याचे आहे.

घ्यावयाची काळजी

आरंभी टाकीत शेणकाला भरावा व वायू धरू लागल्यावर कचरा थोडा थोडा वाढवावा. एकदम जास्त घातल्यास टाकी आंबते व वायू थांबतो. कचरा बारीक करून तितक्याच पाण्यात कालवावा. हाडे, करवंट्या, प्लॅस्टिक व साबणाचे पाणी टाकू नये. टाकी उन्हात, मोकळ्या हवेत असावी. जवळ विस्तव नेऊ नये. इंजिनास वायू देण्यापूर्वी तो लोखंडाच्या गंजलेल्या किसातून न्यावा. त्यामुळे यंत्र झिजविणारा गंधकयुक्त वायू निघून जातो.

टाकीतून बाहेर पडणाऱ्या मळीत नत्र शिल्लक राहते. ती पाण्यात मिसळून बागेस किंवा चाकणकडील मळ्यांस द्यावी. अशा रीतीने ताटात उरलेले अन्न दिवा लावून पुन्हा मातीत जाते.