अवकाशीय अवरोध : मासेमारीच्या जाळ्यातील एक उदाहरण

रेणूतील अणुसमूह आपल्या आकारमानामुळे शेजारच्या क्रियाशील केंद्राकडे येणाऱ्या अभिकारकाची वाट अडवतात, या परिणामास अवकाशीय अवरोध म्हणतात. बेंझोइक आम्लातील कार्बोक्सिल गटाच्या दोन्ही ऑर्थो स्थानांवर प्रतिस्थापी असल्यास नेहमीच्या पद्धतीने एस्टर जवळजवळ मिळत नाही, हे व्हिक्टर मायर यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले. अध्यापनात ही संकल्पना बहुधा येथेच थांबते आणि अवरोध म्हणजे अभिक्रियेचा अभाव, असा अपुरा समज विद्यार्थ्यांत रुजतो.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातील कोळ्यांची जाळी या समजाला छेद देतात. पूर्वीची सुती जाळी पाण्याने कुजत. नायलॉन व पॉलिएथिलीनचे धागे कुजत नाहीत, मात्र ऊन त्यांचा शत्रू आहे. अतिनील किरणांमुळे पॉलिएथिलीनच्या साखळीवर मुक्त मूलक निर्माण होतो, तो ऑक्सिजनशी संयोग पावून पेरॉक्सी मूलक बनतो आणि शेजारच्या साखळीतील हायड्रोजन ओढून घेतो. अशा रीतीने साखळ्या तुटत जाऊन धागा ठिसूळ होतो. जाळे फाटले की पकड जाते, आणि धाग्याचे तुकडे समुद्रातच राहतात.

हे टाळण्यासाठी धागा तयार करतानाच त्यात प्रकाशस्थिरक मिसळतात. त्यांतील एक महत्त्वाचा वर्ग २,२,६,६-टेट्रामेथिल पिपरिडिनच्या साधितांचा आहे. त्यांतील नायट्रोजनचे ऑक्सिडीकरण होऊन नायट्रॉक्सिल मूलक तयार होतो. तो कार्बन मूलकाला पकडतो; पुढे पेरॉक्सी मूलकाशी क्रिया होऊन नायट्रॉक्सिल पुन्हा मोकळा होतो. एकच रेणू अनेक वेळा उपयोगी पडतो, तो यामुळे.

येथे चार मेथिल गटांचे कार्य नेमके कोणते, हा प्रश्न विचारणे इष्ट ठरते. साध्या पिपरिडिनच्या नायट्रॉक्सिलमध्ये नायट्रोजनलगतच्या कार्बनवर हायड्रोजन असतो; दोन मूलक भेटताच एक दुसऱ्याचा हायड्रोजन घेतो आणि दोन्ही संपतात. टेट्रामेथिल रेणूत तो हायड्रोजनच नाही. म्हणजे स्थैर्याचे सारे श्रेय गर्दीला देणे योग्य नव्हे, जरी नाव 'अवरुद्ध अमाइन' असले तरी. गर्दीचा वाटा वेगळा आहे : पकडलेल्या मूलकाशी झालेला बंध ती दुर्बल ठेवते, आणि नायट्रॉक्सिलची सुटका सुकर होते. मायर यांच्या आम्लात गर्दीने अभिक्रिया रोखली. येथे तीच गर्दी अभिक्रियाचक्र चालू ठेवण्यास हातभार लावते.

लहान रेणूंचे स्थिरक धाग्यातून हळूहळू पृष्ठभागाकडे सरकून निघून जातात. म्हणून अनेक पिपरिडिन एकके जोडलेले मोठे रेणू वापरले जातात.