निळा फुगा दिसला तर…

बुलढाण्याहून पावसाळ्यात मुंबई बघायला निघालात, तर जुहूच्या वाळूत पोरांवर नजर ठेवा. तिथला निळा, फुगीर ‘ब्लू बॉटल’ म्हणजे फायसेलिया. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने अनेकांना डंख केला होता. वरवर जेलीफिश, पण खरं तर ही जीवांची वसाहत आहे. एक जीव फुगा होऊन तरंगतो (आत चक्क कार्बन मोनॉक्साइडही असतो!), काही शिकार धरतात, काही ती पचवतात, काही फक्त प्रजननापुरते. अख्खी वसाहत नर किंवा मादी. फलित अंड्यातून अळी होते, तिलाच अंकुर फुटत नवी वसाहत वाढते. तंतू कित्येक मीटर लांब. किनाऱ्यावर मरून पडलेल्याचेही डसतात. डंख झालाच तर चोळू नका. तंतू चिमट्याने काढा, सोसेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवा आणि दम लागला तर थेट दवाखाना गाठा.