धांवण्याचे बूट

मांडवगण फराटा हें शिरूर तालुक्यांतील गांव भीमेच्या आसपासच्या उसाच्या पट्ट्यांत वसलेलें आहे. नदी ओलांडली कीं दौंड तालुका लागतो, आणि दौंडास राज्य राखीव पोलीस बलाचे पांचवा व सातवा असे दोन गट आहेत. या बाजूस पहांटे रस्त्यावर घड्याळ लावून धांवणारीं तरुण मुलें दिसलीं तर तीं बहुधा भरतीच्या तयारीला लागलेलीं आहेत असें समजावें. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणींत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. राखीव बलासाठीं ५ किलोमीटर. गुण सेकंदांच्या हिशेबानें मिळतात. अशा वेळीं ऐन चाचणीच्या पंधरवड्यांत नडगी ठणकूं लागली तर सारी मेहनत पाण्यांत जाते, आणि घरांतील वडील मंडळी विचारतात, “एवढे महागाचे बूट घेतले होते, त्यांचें काय झालें?” प्रश्न रास्त आहे, त्याचाच येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुष्कळांचें म्हणणें असें कीं, बूट हवेतच कशाला? या म्हणण्यास आधार नाहीं असें नव्हे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे खेडूत पाहूनच सर दोराबजी टाटांनीं १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठविण्याची खटपट केली. त्या चमूंतील बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. इथिओपियाच्या अबेबे बिकिलानें तर १९६० सालीं रोमची मॅरेथॉन अनवाणीच जिंकली. मात्र १९६४ सालीं टोकियोस तोच बूट घालून धांवला आणि पुन्हां पहिला आला, हें सांगावयास लोक विसरतात.

शिवाय त्या खेडुतांचे पाय लहानपणापासून मातीवर वाढलेले. हार्वर्डचे प्राध्यापक डॅनियल लीबरमन यांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, अनवाणी धांवण्याची संवय असलेला मनुष्य बहुधा टांचेवर न आदळतां चवड्यावर उतरतो, त्यामुळें धक्का सौम्य होतो. पण ही संवय एका आठवड्यांत अंगवळणी पडत नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत नेहमीचे बूट सोडून पातळ तळाचे बूट घालूं लागलेल्या धांवपटूंपैकीं अनेकांच्या पायांच्या हाडांत दहाच आठवड्यांत सूज आढळली. आमच्या मुलांचे पाय शाळेच्या बुटांत वाढलेले. आणि उसाच्या रानांतील मऊ पायवाटांवर बिबट्याचें भय असल्यामुळें तीं धांवतात डांबरी सडकेवर. त्यांस अनवाणी धांवण्याचा उपदेश करणें आम्हांस धाडसाचें वाटतें.

आतां दुकानाकडे वळूं. तेथें विक्रेता तळवा सपाट कीं कमानदार हें पाहतो आणि त्यावरून अमुकच बूट घ्या असें सांगतो. ऐकावयास हें शास्त्रीय वाटतें. परंतु अमेरिकन सैन्यांत नव्या भरतीच्या शिपायांना तळव्याच्या घडणीप्रमाणें बूट वांटून पाहिले, तेव्हां त्यांच्या दुखापती कांहीं कमी झाल्या नाहींत. कॅनडांतील कॅल्गरीचे प्राध्यापक बेन्नो निग यांचें मत साधें आहे : जो बूट पायाला सुखाचा वाटेल तो घ्यावा. आमच्या आजीबाई जोड्याविषयीं हेंच म्हणत. त्यांच्यापाशीं प्रयोगशाळा नव्हती इतकेंच!

तथापि सुखाचा म्हणजे नुसता मऊ नव्हे. बूट घेण्यास सायंकाळीं जावें, कारण दिवसभरांत पाऊल किंचित् फुगतें. धांवतांना जे मोजे घालावयाचे तेच घालून दोन्ही पायांत बूट चढवावे. एक पाय दुसऱ्याहून मोठा असणें सर्रास आढळतें, आणि माप मोठ्या पायाचें धरावें. उभें राहिलें असतां सर्वांत लांब बोटापुढें आंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी, चवडा कोठें आवळूं नये, टांच मात्र वर सरकूं नये. मग दुकानाबाहेर चार पावलें खरोखर धांवून पहावीं. दुकानदार नाराज झाला तर होऊं द्यावा.

एकत्र कुटुंबांत दोन चुका हमखास घडतात. एक, वाढत्या पायाचें निमित्त करून एक माप मोठा बूट घेणें. त्यांत पाऊल पुढें सरकतें, फोड येतात, नखें काळीं पडतात. दुसरी, थोरल्याचा बूट धाकट्यास देणें. थोरल्या भावाचा सदरा खुशाल द्यावा. पण त्याच्या बुटाचा तळ त्याच्या चालीप्रमाणें एका बाजूस दबलेला असतो. वरून तो धडधाकट दिसला तरी पांचसातशे किलोमीटर धांवल्यावर आंतील गादीचा लवचिकपणा पुष्कळसा गेलेला असतो. त्यापेक्षां ऐपत असेल तर एकालाच दोन जोड घेऊन आलटून पालटून वापरूं द्यावे. लक्झेंबर्ग येथील पाहणींत असें करणारांस दुखापती कमी झालेल्या आढळल्या.

एवढें करूनहि पाय दुखतो तेव्हां दोष बहुधा बुटाचा नसतो. प्रत्येक पावलास शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार पडतो. भरतीची जाहिरात निघाली कीं मुलें एकदम रोजचें अंतर दुप्पट करितात. तो भार सोसण्यास हाडांस व स्नायूंस आठवडे लागतात. नडगीच्या एकाच ठिकाणीं बोट लावतांच कळ येत असेल, किंवा रात्रीं अंथरुणावरहि ठणका राहत असेल, तर हाडास बारीक तडा गेल्याचा संशय धरून धांवणें त्याच दिवशीं थांबवावें व डॉक्टरास दाखवावें. तेल चोळून पुन्हां मैदानावर पाठवूं नये.

पूर्वीं सोंवळ्याच्या घरांत चामड्याचा जोडा उंबऱ्याआंत येत नसे. हल्लींच्या धांवण्याच्या बुटांत बहुधा चामडें नसतेंच, तरीहि ते ओसरीखालीं ऊनपावसांत पडलेले आम्हीं अनेक घरीं पाहिले आहेत. ओला झालेला बूट उन्हांत किंवा चुलीपाशीं ठेवला तर त्याचें डिंकानें चिकटविलेलें तळ सुटतें. आंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो सावलींत, वाऱ्यावर ठेवावा, आणि कागद भिजले कीं बदलावे.